सीटीला चिलर का नाही: एका रिव्ह्यूला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्या सांगण्यावरून एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारा सीटी स्कॅनर घेतला आणि फसलात. दुपारी ट्यूब कूलिंगचा मेसेज येऊन मशीन थांबतं, पेशंट खोळंबतात, विजेचं बिल फुगलंय, एसीचा घरघराट असतो, आणि समोरच्या सेंटरला मात्र चिलर, म्हणजे पाणी गार करून मशीनला पुरवणारं यंत्र आहे.

समोरच्यांचा चिलर त्यांच्या एमआरआयसाठी आहे. चुंबकातलं हेलियम थंड राखणारा कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतो, चुंबकाच्या आतल्या ग्रेडियंट कॉइलही (तारांची वेटोळी) तापतात. तिथे थंड पाणी बहुतेक लागतंच. सीटीचं तसं नाही.

सीटीच्या ट्यूबला दिलेल्या विजेतला जेमतेम १ टक्का एक्स-रे होतो, बाकी ९९ टक्के नुसती उष्णता. ती अॅनोडमधून (ट्यूबमधला धातूचा भाग, जिथे एक्स-रे तयार होतात) तेलात, तेलातून गॅन्ट्रीतल्या (मशीनच्या गोल सांगाड्यातल्या) रेडिएटरमध्ये आणि तिथून गॅन्ट्रीच्या हवेत उतरते. इथपर्यंत तुमचं मशीन आणि त्याचंच वॉटर-कूल्ड भावंड यांत काही फरक नाही. पुढे एकात ती गरम हवा खोलीत येते आणि एसी तिची वासलात लावतो. दुसऱ्यात पाणी ती उष्णता उचलून चिलरपर्यंत नेतं, आणि चिलर तरी ती कुठे सोडणार, गच्चीवरच्या उन्हातच! तुमचा मेसेज अॅनोड तापल्याचा आहे. तीन-तीन फेजचे, म्हणजे एकाच पेशंटचे तीनदा घ्यायचे पोटाचे स्कॅन लागोपाठ लावले की तो येतो. आमच्या इंजिनियरने खोलीतला लॉगर (तापमानाची नोंद ठेवणारं उपकरण) तपासला, तेव्हा त्या दुपारी खोली २२-२३ अंशांवरच होती. म्हणजे चिलर असता तरी मशीन थांबलंच असतं. मधे एखादा साधा ब्रेन स्कॅन घेतला तर ट्यूबला उसंत मिळते.

तुमच्या मशीनची उष्णता कंपनीच्या साइट प्लॅननुसार सुमारे ८ किलोवॉट, म्हणजे सव्वादोन टन एसीचं काम. वरचा मजला, सोलापूरचा एप्रिल, खोलीतली माणसं हे सगळं धरूनही हिशेब ४ टनांच्या आत बसला. म्हणून ४-४ टनांचे दोन एसी दिले. एक बंद पडला तरी दुसरा एकटा ओढतो. एकुलता चिलर बंद पडला, नुसता पंप गेला, तरी सीटी बंद आणि मेकॅनिक पुण्याहून येईपर्यंत तुम्ही हात चोळत बसणार. जोडीला दुसरा चिलर ठेवायचा तर त्याचा खर्च निराळा. शिवाय बोअरचं जड पाणी चुकूनही लाइनमध्ये गेलं की क्षार धरतात. डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी, त्यातलं गंजरोधक, होस, फिल्टर हे सगळं कुणीतरी नियमित बघावं लागतं. तुमच्याकडे असा माणूस नाही, हे तुम्हीच पहिल्या बैठकीत सांगितलं होतं.

खोली लहान असेल, मोठ्या ट्यूबचा कार्डियाक (हृदयाच्या तपासणीचा) सीटी असेल, किंवा रुग्णालयाचा स्वतःचा चिल्ड वॉटर प्लांट नि मेंटेनन्सचा स्टाफ असेल, तर मी स्वतः पाण्यासाठी हट्ट धरतो. आवाजाचं तुमचं म्हणणं खरं आहे. पंखे आणि एसी खोलीतच असल्यावर तो राहणारच.

बिलाचं म्हणाल तर चिलरलाही कॉम्प्रेसर आणि पंप असतात. बिल कमी येईल म्हणून चिलर घ्या, असं आम्ही कुणालाच सांगत नाही. पण लॉगरवर आणखी एक गोष्ट दिसली, रात्री दोन्ही एसी बंद होतात. बचतीसाठी असेल, पण सीटीच्या डिटेक्टरला (एक्स-रे टिपणाऱ्या भागाला) तापमान स्थिर लागतं. रात्रभर खोली तापली आणि सकाळी घाईत कॅलिब्रेशन (मशीनचं मोजमाप जुळवून घेणं) न करताच पहिला पेशंट घेतला, तर इमेजमध्ये रिंगा दिसू शकतात. पावसाळ्यात बंद खोलीतली दमट हवाही इलेक्ट्रॉनिक्सला मानवत नाही.

या आठवड्यात तुम्हाला सोयीची दुपार कळवा. लॉगरच्या नोंदी घेऊन मी स्वतः येतो, तेव्हा स्कॅनचा क्रम ठरवणारे तुमचे टेक्निशियनही सोबत असू द्या. तोवर रात्री एक एसी चालू ठेवायला सांगा.