'द वॉल' मोठ्या पडद्यावर बघितला आणि मन खट्टू झालं

मागच्या महिन्यात इथे इंग्लंडमध्ये शेफील्डला 'पिंक फ्लॉइड: द वॉल' थिएटरात लागला होता, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'द वॉल' अल्बमवरचा अॅलन पार्करचा 1982 चा सिनेमा. पुण्याला हॉस्टेलवर असताना या अल्बमची कॅसेट आम्ही घासघासून संपवली होती, त्यामुळे खूप आशेने गेलो. आणि खरं सांगतो, निराश होऊन बाहेर आलो.

कॉलेजच्या ग्रुपवर तसं लिहिलं तर तिकडे जुंपलीच. एक म्हणाला अरे तो सर्रिअल आहे, स्वप्नासारखा, त्यात लॉजिक शोधायचं नसतं. दुसरा आता स्वतः मास्तर आहे, तो थेट 'आम्हाला शिक्षण नको' म्हणणाऱ्या त्यातल्या शाळेच्या गाण्यावर घसरला, की असली गाणी डोक्यावर घेतली म्हणूनच पोरं कुणाला जुमानत नाहीत, छडी हवीच, मग 2009 चा शिक्षणहक्क कायदा आला, आपल्या वेळचे सर आले, सगळं निघालं. मी एवढंच म्हटलं की इथल्या सरकारी शाळांतली छडी 1987 ला बंद झाली, आणि माझ्या मुलीला तिच्या बाईंचा धाक पुरेसा आहे. पण माझी तक्रार शाळेची नव्हतीच.

या सिनेमात एक खरं दुःख आहे. ही गाणी लिहिणाऱ्या, बँडमधल्या रॉजर वॉटर्सचे वडील दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी 1944 मध्ये इटलीत अँझिओला मारले गेले, तेव्हा तो जेमतेम पाच महिन्यांचा होता. सिनेमात एक छोटा मुलगा बागेत दुसऱ्याच कुणाच्या तरी बाबांच्या मागे मागे जातो, हळूच त्यांचा हात धरतो, आणि तो माणूस हात झटकून टाकतो. बस, एवढंच. एक शब्द नाही. माझ्या घशात आवंढा आला. हॉस्टेलवर आम्ही फक्त शाळेचं कोरस ओरडत होतो, हा बाप आम्हाला कधी ऐकूच आला नव्हता. इथे येऊन गावागावात दगडावर कोरलेली युद्धात गेलेल्यांची नावं बघितली, नोव्हेंबरात त्यापुढे उभी राहणारी म्हातारी माणसं बघितली, तेव्हा कुठे कळलं की हा अल्बम मुळात कशाबद्दल आहे.

आणि हे आपल्यापासून लांबचं नाही हो. माझं आजोळ माणगावचं. तिथे यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, त्याच इटलीत 10 जुलै 1944 ला गेले, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. इटलीतल्या कसिनोच्या युद्धस्मारकावर वॉटर्सच्या वडिलांचं नाव आहे आणि घाडग्यांचंही. ग्रुपवर हे टाकलं तर कुणालाच माहीत नव्हतं.

एवढं हातात असताना सिनेमा ते सोडून देतो याचा मला राग आहे. तो मुलगा मोठा होऊन रॉकस्टार होतो, आणि पुढे सगळं त्याच्या डोक्यातलं. आई म्हणजे राक्षसीण, बायको म्हणजे गिळायला आलेलं फूल, मास्तर म्हणजे व्यंगचित्र, आणि हा बिचारा खुर्चीत बसून टीव्ही बघतोय. सर्रिअल असण्याला माझी हरकत नाही, व्यंगचित्रकार जेरल्ड स्कार्फच्या त्यातल्या अॅनिमेशनमध्ये पांढरं कबूतर फाटून त्यातून काळा गरुड निघतो ते आजही अंगावर येतं. पण तासाभराने असं वाटायला लागतं की बाकी कुणी माणूसच नाही या जगात, सगळे याच्या भिंतीच्या विटा.

मग हातोडे येतात, हिरो स्वतःला हुकूमशहा समजायला लागतो तेव्हा त्याच्या टोळक्याचं चिन्ह, एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे. तिकडे आमच्यातल्या दोघांकडे त्या हातोड्यांचे टीशर्ट आहेत, एकाने मलाही पाठवला होता. तो मी इथे घालत नाही. सिनेमात ती फॅसिझमवरची टीका आहे हे मला कळतं, पण अमेरिकेतल्या हॅमरस्किन्स नावाच्या निओनाझी टोळीने तेच दोन हातोडे आपलं चिन्ह म्हणून उचललं, आणि रस्त्यात समोरून येणारा माणूस ते कुठल्या अर्थाने बघणार हे मला कसं कळणार?

त्याच हातोड्यांच्या प्रसंगात ते टोळकं एका पाकिस्तानी माणसाच्या हॉटेलात घुसून तोडफोड करतं. काही सेकंद. मग कॅमेरा पुढे, पुन्हा हिरो, पुन्हा त्याचं दुःख. आम्ही हॉस्टेलवर पायरेटेड सीडीवर हा सीन बघितला तेव्हा गिटारकडे लक्ष होतं. या वेळी मी त्या माणसालाच शोधत होतो. 4 ऑगस्ट 2024 ला रॉदरहॅमजवळ, म्हणजे आमच्या शेजारीच, आश्रय मागणारे लोक राहत होते त्या हॉटेलवर जमाव चालून गेला, खिडक्या फोडल्या, आग लावायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदार चाचांनी चार वाजताच शटर अर्धं खाली ओढलं होतं, मी दूध घ्यायला वाकून आत गेलो तर म्हणाले, बेटा, मुलीला आज बाहेर नको सोडूस. माझ्याकडून दुधाचे पैसे घेताना त्यांचा हात थरथरत होता.

सिनेमातला तो हॉटेलवाला पुन्हा दिसेल म्हणून मी शेवटपर्यंत थांबलो. नाही दिसला.