फूटपट्टीवरचं लग्न

काल रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या होणाऱ्या चुलत सासऱ्यांनी, लग्न कुठे करायचं या वादावर तोडगा म्हणून, दोन्ही घरांच्या ग्रुपवर फोटो टाकला. शाळेच्या ॲटलासमधलं महाराष्ट्राचं पान. त्यावर स्टीलची फूटपट्टी, ती दाबून धरलेला अंगठा, सोलापूरवर चहाच्या कपाचा गोल डाग. खाली आमचं कुडाळ, वर होणाऱ्या नवऱ्याचं नागपूर, मधे पेन्सिलीची रेघ आणि रेघेच्या निम्म्यावर लाल पेनाने टिंब. अंबाजोगाई. सोबत मजकूर: "दोन्ही पार्ट्यांना सारखं अंतर. इतकं सोपं होतं, काय वाद घालून राहिले तुम्ही लोकं!"

सतरा अंगठे आले त्यावर. सतरा! त्यातले चार आमच्या बाजूचे.

अंबाजोगाईत आमचं कोण आहे? कोणी नाही. त्यांचं? कोणी नाही. गावाला रेल्वे आहे? नाही, परळीला उतरा आणि पुढे गाडी करा. म्हणजे कुडाळकरांचेही हाल, नागपूरकरांचेही हाल आणि झाला न्याय! ज्यांचं लग्न आहे ती दोन माणसं पुण्यात राहतात, पुण्यात कमावतात, पुण्यात भाडं भरतात, पण ती फूटपट्टीवर कुठेच नाहीत. आणि ही अंतरं हवेतली आहेत हो. वऱ्हाड काय घारीवर बसून येणार आहे का?

पुणे ठरलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी ठरलं होतं, हॉलला टोकनही देऊन झालंय. मग त्याच्या आत्यांना साक्षात्कार झाला की "पुण्यात आपलं कोणीच नाही." तुमचा भाचा आहे ना तिथे, सहा वर्षं! मग कळलं की हॉल दुपारी चारला रिकामा करून द्यायचा, तर "हे काय लग्न आहे का लोकल पकडायची आहे?" यावर मात्र मी गप्प बसले, कारण खरं सांगायचं तर तिथे त्यांचं बरोबर आहे.

कुडाळला करायचं तर नागपूरहून आठवड्यातून दोनदा सुटणारी मडगावची गाडी, चोवीस तासांच्या आसपास. तिकीट आधी १२० दिवस काढता यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसच. त्यात मे महिना, म्हणजे चाकरमान्यांचा महिना. सकाळी आठला खिडकी उघडेल आणि आठ वाजून दोन मिनिटांनी त्यांचं दीडशेचं वऱ्हाड वेटिंगवर. "रस्त्याने या" म्हणायची सोय नाही, लगेच समृद्धीचे ७०१ किलोमीटर निघतात. म्हणे, "आमच्याकडे निघालो की सुटलो थेट, तुमचा मुंबई-गोवा झाला का पूर्ण?" २०११ पासून चाललंय त्याचं. मी काय तो रस्ता हुंड्यात देणार होते?

नागपूरला करायचं तर आजी. "मे म्हयन्यात नागपुराक? माका थंयच जाळून येवा मगे." विषय संपला. मे सोडून दुसरं काही बघायचं तर सुट्ट्या नाहीत, आणि मे तरी कुठे अख्खा आहे, १७ तारखेपासून अधिक ज्येष्ठ.

आणि मित्रमैत्रिणी! बंगळूरवाले म्हणतात, "कुडाळ फार आत पडतं गं. गोव्याला ठेव ना, सगळे येऊ." अरे सोन्यांनो, उतरायचंय त्याच मोपाच्या विमानतळावर. तिथून डावीकडे गेलात तर समुद्रकिनारा आणि उजवीकडे गेलात तर मी. डावीकडे सगळ्यांना सुट्टी मिळते, उजवीकडे कुणाला मिळत नाही.

पण या सगळ्यांहून मला राग येतो तो "आमचं काय, आम्ही कुठेही येऊ" वाल्यांचा. हे कुठेही येत नाहीत. ठिकाण ठरलं की चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज येतो, त्यातली तीन मिनिटं गुडघा, आणि शेवटी "बघा, तुमचं तुम्ही ठरवा." मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या.

वैतागून परवा मी त्याला म्हटलं, रजिस्टर करून टाकू. विशेष विवाह कायद्याला एवढी तरी अक्कल आहे की दोघांपैकी एक जण ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहतोय तिथे नोटीस द्या. मामा नाही, आत्या नाही, साक्षीदार फक्त तीन. तो शांतपणे म्हणाला, "कोणते तीन?" त्या प्रश्नावर आम्ही पाऊण तास भांडलो. दोघंच. ग्रुप नसताना.

आणि आता हे लिहिताना आठवतंय, गेल्या वर्षी माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीचं कोल्हापूरला लग्न होतं. पुण्याहून कोल्हापूर, वेटिंगचाही प्रश्न नाही. मी तिला "लांब पडतं गं" म्हणाले होते. वर आहेर ऑनलाइन पाठवला, ५०१ रुपये. तिनेही कुठे तरी बसून माझ्यावर असंच लिहिलं असणार. लिहो.

तर सकाळी आईला फोन केला, म्हटलं, अंबाजोगाई ऐकलंस का? मला वाटलं, ती तरी भडकेल. ती म्हणाली, "अगो, योगेश्वरी आपल्या कोकणातलीच. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलेलं तिचं. वऱ्हाड घेऊन निघाली, पोचेपर्यंत मुहूर्त टळला. वऱ्हाडी तिथेच दगड होऊन बसले आणि ती अंबाजोगाईत राहिली ती कुमारिकाच."

म्हणजे कोकणातून निघून मधल्या जागी लग्न करायचा प्रयोग आमच्या आधी साक्षात देवीने करून बघितलाय. निकालही समोर आहे, दगडात. मी हे सगळं नीट टाईप करून ग्रुपवर टाकलं, शेवटी हात जोडलेले दोन इमोजी. आता तरी विषय मिटेल अशी माझी समजूत.

दहा मिनिटं शांतता. मग ज्यांनी दोन महिन्यांत ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं ते आमचे बाबा टायपिंग दिसायला लागले. बराच वेळ टायपिंग. मग आलं:

"तिथे पार्किंग आहे का?"