दाराला लागलंय, माणसाला नाही

आमच्या सोसायटीत उभ्या गाडीला कुणी ठोकत नाही. उभी गाडीच वाकडी लावलेली असते. हा सिद्धांत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. तो त्यांनी माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराला पडलेल्या पोच्याकडे बोट दाखवत मांडला. "पट्ट्याच्या किती जवळ लावता हो तुम्ही!" पट्टा माझा, गाडी पट्ट्याच्या आत, आणि काकांची कोरी करकरीत ऑटोमॅटिक पट्टा ओलांडून माझ्या दारात. पण आवाज त्यांचा मोठा.

पोचा त्यांनीच पाडलाय हे कळायलाही अर्ज करावा लागला होता. वॉचमन त्या वेळी पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायला गेला होता. सोसायटीत काहीही घडलं की तो व्हॉल्व्हपाशीच असतो. तो सांगतो तितक्या वेळा खरंच पाणी सोडलं असतं, तर कोथरूडात पूर आला असता. कॅमेरे भरपूर आहेत, त्यातला एक चालू आहे, आणि तो नशिबाने पार्किंगमधला निघाला. सेक्रेटरींनी 'विषय: फुटेज मिळणेबाबत' असा लेखी अर्ज घेऊन फुटेज दिलं. त्यात काका रिव्हर्स येतात, माझी गाडी हलते, काका उतरतात, इकडेतिकडे बघतात, खिशातून रुमाल काढतात आणि पोचा पुसून बघतात. जात नाही म्हटल्यावर रुमालाची घडी घालून खिशात ठेवतात आणि लिफ्टने वर जातात.

फुटेज दाखवल्यावर काका पट्ट्यावरून बफिंगवर आले. "अहो, बफिंगमध्ये निघेल!" गॅरेजवाल्याने दारावरून हात फिरवला. "पत्रा आत गेलाय साहेब. बफिंग केलं तर चकाचक पोचा मिळेल." मग त्याने हिशेब सांगितला. पत्रा ओढायचा, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायचं, प्रायमर, रंग. बंपरची क्लिप तुटलीय ती वेगळी. आणि गाडी सिल्व्हर, म्हणजे नुसतं दार रंगवून भागत नाही, शेड जुळवायला शेजारच्या पॅनेलवरही हात मारावा लागतो. एकूण साडेसहा हजार. कंपनीच्या वर्कशॉपने याच कामाचे दुपटीहून जास्त सांगितले होते, पण तिथे थंडगार खोलीत बसवून कॉफी देतात. कॉफी एस्टिमेटच्या आधी देतात, नंतर घशाखाली उतरत नाही म्हणून असेल.

आकडा ऐकून काका प्रसन्न हसले. "मग इन्शुरन्स कशाला काढलाय? क्लेम करा की!"

इथे थोडं गणित सांगणं भाग आहे. वर्षभर विमा कंपनीकडे काहीही मागितलं नाही, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर सूट मिळते. ती २० टक्क्यांपासून सुरू होऊन २५, ३५, ४५ करत सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोचते. नो क्लेम बोनस तो हाच. घरात एवढा संयम दाखवला तर कुणी चहासुद्धा विचारत नाही, त्यामुळे मला त्याचं फार अप्रूप आहे. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला हा बोनस शून्यावर. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आपलेच. शिवाय घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची वजावट. बंपर प्लास्टिकचा, त्यातल्या कुठल्याही बदलायच्या भागाचे ५० टक्के आपण भरायचे. पत्र्याचा भाग बदलला तर माझ्या गाडीच्या वयाला ४० टक्के. झिरो डेप, म्हणजे हा घसारा न कापणारं जादा कवच, मी घेतलेलं नव्हतं, कारण आपण गाडी जपून चालवतो. उभी गाडी कशी जपून चालवायची हे पॉलिसीत कुठे लिहिलेलं नाही. थोडक्यात, ठोकणार काका, बोनस जाणार माझा आणि झीजही माझीच.

"पण त्यांचा थर्ड पार्टी असेलच ना?" वकील मित्र म्हणाला. असणारच, तो सक्तीचा आहे. खासगी गाडीच्या अशा पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत तरतूद असते. मी मनातल्या मनात चारही दारं रंगवून घेतली. "फक्त त्यासाठी मोटार अपघात दावा प्राधिकरणात जावं लागेल. सहा महिन्यांच्या आत. आणि तिथे तुझ्या शेजारच्या बाकावर घरातलं माणूस गमावलेले लोक बसलेले असतील. त्यांच्यात बसून दाराबद्दल बोलवेल तुला?" मी चारही दारांचा रंग मनातल्या मनात पुसला.

निदान नोंद तरी असावी म्हणून पोलीस चौकीत गेलो. हवालदारसाहेबांनी पेन उघडलं.

"कुणाला लागलंय?"

"दाराला."

पेन बंद झालं. "मुद्दाम ठोकलं का?"

"नाही, मुद्दाम नसावं."

"मग न्याय संहितेच्या ३२४ची आगळीक, म्हणजे मुद्दाम केलेलं नुकसान, होत नाही. हेतू लागतो त्याला. शेजारीच आहेत ना? मिटवून टाका."

मिटवायला मी कधीचाच तयार होतो. पण एव्हाना सोसायटीत ठोकणं हा अपघात आणि पैसे मागणं हा गुन्हा ठरला होता. काकांनी सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये माझी केस आधीच चालवलेली होती. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे न बघता मजल्यांचे आकडे बघायला लागले. एका आजोबांनी तर खांद्यावर हात ठेवून, "काही अडचण आहे का रे घरी? पैशांची?" असं विचारलं. बायको म्हणाली, सोडून दे. आमच्या घरात हे वाक्य फक्त दुसऱ्यांकडून येणं असलेल्या पैशांबद्दल वापरतात.

मी सोडणारच होतो, तेवढ्यात काकी आल्या.

"तुझ्याकडे ते फुटेज आहे ना रे? मला दाखव. आमच्या नव्या गाडीला मागून कुणी मेल्याने ठोकलंय. हे म्हणाले, भाजी आणायला गेलो तेव्हा मंडईबाहेर झालं. पण मला बाई संशय आहे, इथलंच कुणीतरी आहे. ओरखड्यात सिल्व्हर रंग लागलाय."

मी काकींना म्हटलं, फोन चार्जिंगला लावलाय, संध्याकाळी दाखवतो.

संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं नाही. काका जिन्याने आले, धापा टाकत. आतापर्यंतचे "अहो तुम्ही" जाऊन "अरे बाबा" सुरू झालं होतं. "अरे बाबा, आकडा सांग फक्त." त्यांनी माझ्यासमोर उभं राहून साडेसहा हजार पाठवले, एक पैसा न घासता. एकच अट होती, फुटेज उडालं म्हणून सांगायचं. उडवलंही लगेच, त्यांच्यादेखत. पैसे आल्याचा मेसेज वाजला. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं: 'आंबे'.

"ही रोज माझं स्टेटमेंट बघते," काका म्हणाले.

एप्रिल चालू होता, तेव्हा शेरा तसा पटण्यासारखाच होता. गाडी गॅरेजला टाकली, पैसे गॅरेजवाल्याकडे पोचते झाले, शेडही बऱ्यापैकी जुळली. दोन दिवसांनी सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर काकी, हातात रिकामी पिशवी.

"काय रे, सांगितलं नाहीस कधी, तू आंब्यांचं करतोस म्हणून! साडेसहा हजार दिलेत ना यांनी? पेट्या कधी येतायत? आणि हे बघ, हापूसच हवा हं. देवगडचा. कर्नाटकचा लगेच कळतो मला."

मागे जिन्यात, अर्ध्या मजल्यावर, काका उभे होते. हात जोडून.