‘द मॅन इन ब्लॅक’वरच्या तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘द मॅन इन ब्लॅक’वरच्या माझ्या लेखाबद्दलची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की हॅमर या ब्रिटिश कंपनीचा हा १९५० चा चित्रपट म्हणजे नभोनाट्यासमोर कॅमेरा ठेवून उरकलेलं काम. हॉडसन हा नोकर कोण ते शेंबडं पोरही ओळखेल, सेट तोच तोच, योगसाधनेचा भाग हास्यास्पद. आणि मी कौतुक करतो ते निव्वळ जुन्याच्या प्रेमापोटी.

हॉडसनचं आधी घेऊ. (चित्रपट पाहायचा असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) नोकराच्या वेषात मेलेला समजला जाणारा घरमालक हेन्री क्लेव्हरिंगच आहे हे लगेच कळतं, कबूल. सिडनी जेम्सचा तो चेहरा कुठल्या मिशीमागे लपणार? पण आपण तो पुढच्या ‘कॅरी ऑन’ विनोदी चित्रपटांमुळे ओळखतो. दक्षिण आफ्रिकेतून तो ब्रिटनमध्ये आला १९४६ मध्ये, तेव्हा १९५० च्या प्रेक्षकाला त्याची एवढी ओळख कुठून असणार? शिवाय सावत्र आई आणि तिची मुलगी मिळून इस्टेटीसाठी हेन्रीच्या मुलीला, जोनला, वेडं ठरवू पाहतात, हे चित्रपट लपवतही नाही. म्हणजे ‘रहस्यपट’ हा माझाच शब्द चुकला.

नभोनाट्याचा मुद्दा मात्र साफ अमान्य. बीबीसीची ‘अपॉइंटमेंट विथ फिअर’ ही भयकथांची रेडिओ मालिका १९४३ मध्ये सुरू झाली. रहस्यकथाकार जॉन डिक्सन कारने तिच्यासाठी भरपूर लिहिलं. दर वेळी गोष्ट नवी, पात्रं नवी. कायम असायचा तो निवेदक, ‘मॅन इन ब्लॅक’, म्हणजे व्हॅलेंटाइन डायलचा खोल, थंड आवाज. आता यातून पडद्यावर नेणार काय? डिक बार्टन या दुसऱ्या रेडिओ मालिकेतल्या गुप्तहेरासारखा नायक असता तर त्याला उचलता आलं असतं (हॅमरने त्यालाही उचललंच). इथे हॅमरने घेतलं ते नाव आणि तो आवाज. गोष्ट दिग्दर्शक फ्रान्सिस सर्लची, पटकथा जॉन गिलिंगची. महागडा नट घेण्यापेक्षा घरोघरी रेडिओवर ऐकलेलं नाव पोस्टरवर टाकणं स्वस्त पडत असणार. व्यवहारच होता तो, पण नक्कल नव्हे.

आणि ‘सेट’? तो सेटच नाही हो! टेम्सकाठी ब्रे गावाजवळ ओकली कोर्ट नावाचा एकोणिसाव्या शतकातला गॉथिक वाडा आहे, तिथे चित्रीकरण झालं. त्या काळात हॅमर स्टुडिओचं भाडं वाचवायला असे वाडे घेऊन त्यातच मुक्काम ठोकायची. जिना खरा, दारं खरी. प्रकाशयोजना करणाऱ्याचे हाल झाले असतील, पण जोन त्या घरात अडकली आहे हे मला पटलं ते त्या भिंतींमुळे. पुढे १९५१ मध्ये कंपनी शेजारच्याच डाउन प्लेसमध्ये गेली, तोच ब्रे स्टुडिओ. हॅमरचे फ्रँकेन्स्टाइन, ड्रॅक्युला हे भयपट तिथले. वाड्यात चित्रीकरण करायची सवय लागली ती अशाच घरांतून.

योगाबद्दल तुमच्याशी भांडण नाही. समाधी म्हटलं की आपल्याला आळंदी आठवते, आणि हे हेन्री गृहस्थ बायकोचं पितळ उघडं पाडायला समाधी लावून मेल्याचं सोंग करतात! पण त्या प्रेक्षकाला हे कुठून माहीत असेल, हेही पाहा. १९३५ मध्ये सरे परगण्यात कुदा बक्स हा काश्मिरी जादूगार संशोधकांसमोर निखाऱ्यांवरून चालला, त्याचा केवढा गाजावाजा झाला होता. हिंदुस्थानी माणूस म्हणजे असलं काहीतरी करणारा, ही समजूत तिथे पक्कीच होती. पटकथेने ती तशीच उचलली, आळशीपणाच तो.

तर मूळ लेखातला ‘रहस्यपट’ आज काढतो आणि योगावर दोन ओळी वाढवतो. वाड्याचा परिच्छेद मात्र जसाच्या तसा राहील.