चौदा जण, एक व्हिसा आणि सांतोरिनी: त्या फॉरवर्डचा समाचार

सध्या एक मेसेज फॅमिली ग्रुपांवर जोरात फिरतोय. ‘अख्ख्या कुटुंबाला घेऊन भूमध्य समुद्र, एजंटला एक रुपया न देता!’ अशी सुरुवात, मग निळ्या घुमटांचा फोटो, खाली मुद्दे आणि शेवटी ‘सर्वांपर्यंत पोहोचवा’. सल्ला थोडक्यात असा: ग्रीसचा व्हिसा सगळ्यात सोपा, तो काढा, एक रात्र अथेन्सला झोपा आणि उरलेले दिवस इटली-फ्रान्स फिरा. बुकिंगं खोटी जोडली तरी चालतात. त्याच व्हिसावर तुर्कस्तानही उरकून घ्या. जायचं ते जुलै-ऑगस्टमध्येच. मोठ्या कुटुंबाला ग्रीसच्या सांतोरिनी बेटासारखं ठिकाण नाही. पंधरा सीटर गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवा, हॉटेलऐवजी व्हिला घ्या, आणि जेवणाचे हाल नकोत म्हणून तूप, पनीर, श्रीखंड इथूनच न्या.

एरवी असलं काही आलं की मी न वाचता पुढे जातो. पण हा मेसेज आमच्या आत्याने टाकला, काकांनी खाली ‘ठरलं तर मग!’ लिहिलं, लंडनच्या चुलत भावाने अंगठा दाखवला आणि बघता बघता पासपोर्टचे फोटो यायला लागले. एकूण चौदा जण. इथले दहा, लंडनचे चार. त्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका आहेत, चार वर्षांची भाची आहे आणि जर्मनीला शिकायला जायची तयारी करणारा पुतण्या आहे. मेसेज लिहिणाऱ्याने यांपैकी एकाचाही विचार केलेला नाही, त्यामुळे तो मला करावा लागतोय.

सगळ्यात घातक मुद्दा व्हिसाचा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात. ‘सोप्या देशाचा व्हिसा काढा आणि हवं तिथे फिरा.’ ग्रीस, इटली, फ्रान्ससकट युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा सामाईक व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा. तो कोणत्या देशाकडे मागायचा हे आपल्या मर्जीवर सोडलेलं नाही. युरोपीय संघाची २००९ सालची व्हिसा संहिता आहे, तिचं पाचवं कलम पाहा. अनेक देशांत जाणार असाल तर ज्या देशात जास्त दिवस राहणार, किंवा जिथे जाणं हाच प्रवासाचा मुख्य हेतू, त्या देशाकडे अर्ज करायचा. असा मुख्य देश ठरवताच येत नसेल, तरच ज्या देशाच्या सीमेवरून पहिल्यांदा आत शिरणार त्याच्याकडे. आपल्याकडे या शेवटच्या वाक्याचाच नियम झालाय आणि आधीची दोन वाक्यं कुणी वाचतच नाही. एक रात्र अथेन्स आणि दहा रात्री इटली असा बेत असेल तर अर्ज इटलीकडेच करायचा. ग्रीसच्या फॉर्मवर दहा रात्री ग्रीसच्या दाखवणं ही युक्ती नाही, ती खोटी माहिती आहे. व्हिसा देतेवेळी अटी पूर्ण होत नव्हत्या असं नंतर दिसलं तर तो रद्द करण्याची तरतूद त्याच संहितेच्या चौतिसाव्या कलमात आहे. विमानतळावरचा अधिकारी ‘कुठे राहणार?’ एवढंच विचारतो, आणि चौदा जणांपैकी कुणीतरी खरं उत्तर देणारच. आमच्याकडे ते आजी देईल.

खोट्या बुकिंगचं तर बोलायलाच नको. यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो: पैसे परत मिळणारं हॉटेल बुक करणं आणि व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट पक्कं न करणं यात काही गैर नाही, तो शहाणपणाच आहे. पण मेसेजमध्ये म्हटलंय ते वेगळं. तो कुणाकडून तरी बनवून घेतलेला, अस्तित्वातच नसलेला कागद जोडायला सांगतो. खोटा कागद सापडला तर अर्ज नामंजूर होतो, आणि त्या नकाराची नोंद युरोपच्या सामाईक यंत्रणेत पाच वर्षांपर्यंत राहते. आत्या म्हणतील, राहीना का, मला कुठे पुन्हा जायचंय! आत्यांना जायचं नसेल. पुतण्याला जायचंय ना.

‘सोपा’ या शब्दाबद्दलही थोडं. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी अकरा लाखांच्या वर अर्ज गेले आणि त्यातले साधारण पंधरा टक्के नामंजूर झाले. फी नामंजूर झाली तरी परत मिळत नाही. जून २०२४ पासून ती मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ आणि सहा वर्षांखाली माफ आहे. आमच्या इथल्या दहा जणांत आठ मोठे, एक नऊ वर्षांचा, एक चार वर्षांची: ७६५ युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, वर किमान ३० हजार युरो संरक्षण देणारा प्रवास विमा प्रत्येकाचा वेगळा. लंडनच्या मुलांचे पासपोर्ट ब्रिटिश आहेत, त्यांना व्हिसाच लागत नाही. भाऊ-वहिनींचे अजून भारतीय, आणि माणूस राहतो तिथूनच अर्ज करतो, म्हणून त्यांनी लंडनहून करायचा. ‘सगळ्यांचा एकगठ्ठा अर्ज’ ही कल्पना इथेच संपली.

आणि तुर्कस्तान! ‘कोस बेटावरून बोद्रुमला बोटीने एक दिवसाची सहल, व्हिसा तोच.’ कोस ग्रीसचं, बोद्रुम तुर्कस्तानचं, आणि तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. शेंगेन व्हिसा जवळ असेल तर भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो हे खरं, पण तो वेगळा काढावा लागतो. त्याहून मोठी गोम अशी की तुमचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल, तर बोद्रुमच्या बोटीत चढताक्षणी तो संपला. संध्याकाळी कोसच्या धक्क्यावर तुम्हाला आत घेणार नाहीत, आणि सामान हॉटेलात. ‘आता भारतीयांना पाच वर्षांचा व्हिसा देतात’ असंही एका ओळीत ठोकून दिलंय. एप्रिल २०२४ पासून नियम सैल झाला हे खरं, पण मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते रीतसर वापरले असतील त्यांना आधी दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पहिल्यांदा निघालेल्या आजीला नव्हे.

आता सांतोरिनी. इथे मेसेजने कमाल केलीय: ‘ज्येष्ठांसाठी गाढवावरची मजेदार सवारी!’

सांतोरिनी म्हणजे ज्वालामुखीच्या स्फोटातून उरलेला कडा. जे पांढरं-निळं गाव आपण फोटोत बघतो ते या कड्याच्या माथ्यावर आणि उतारावर चिकटलेलं आहे. खालच्या जुन्या बंदरापासून वर ‘फिरा’ नावाच्या गावापर्यंत सुमारे ५८७ पायऱ्या आहेत. दगड गुळगुळीत झालेले, वर गाढवांची लीद. त्या चढायच्या नसतील तर रोपवे आहे किंवा गाढव. शंभर किलोंपेक्षा जड माणसाला गाढवावर बसवायचं नाही असा नियम ग्रीसने २०१८ मध्ये केला, तोही गाढवांची दया येऊन. गंमत म्हणजे हे जुनं बंदर क्रूझवाल्यांचं आहे. विमानाने किंवा फेरीबोटीने येणाऱ्याचा त्या पायऱ्यांशी संबंधच येत नाही. फेरी लागते अथिनियोस बंदराला आणि तिथून वळणांचा घाट चढून गाड्या वर येतात. म्हणजे मेसेज लिहिणारा तिथे गेलेलाच नाही. उंटावरून शेळ्या हाकतात तसं हे गाढवावरून आजी हाकणं चाललंय.

बरं, गाढव टळलं तरी पायऱ्या टळत नाहीत. कड्यावरच्या हॉटेलात रस्त्यापासून खोलीपर्यंत गाडी जात नाही. बॅगा हमाल खांद्यावर घेऊन उतरवतो आणि माणसांनी अरुंद, उंच-सखल पायऱ्यांनी उतरायचं. नाश्त्याला पायऱ्या, रस्त्यावर यायला पायऱ्या. गच्च्यांना कठडे जेमतेम गुडघ्याएवढे. यातल्या बऱ्याच हॉटेलांत लहान मुलांना प्रवेशच नसतो, आणि तो कठडा बघितला की कारण कळतं. चार वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे सुट्टी घालवायची म्हणजे तिचा हात सोडायचा नाही, एवढाच कार्यक्रम. पोहायचं म्हणाल तर कड्याच्या बाजूला किनारा नाही. तो बेटाच्या दुसऱ्या अंगाला, कामारी आणि पेरिस्साला. काळी वाळू, काळे गोटे, दुपारी तळपाय भाजतात आणि पाणी पटकन खोल होतं. ओइया गावातला सूर्यास्त सुंदर असतो, नाही म्हणत नाही. पण तो बघायला अरुंद गल्लीत माणसाला माणूस घासत तास-दीड तास उभं राहावं लागतं. साडेपंधरा हजारांच्या आसपास वस्तीच्या बेटावर क्रूझने येणाऱ्यांवर २०२५ पासून दिवसाला आठ हजारांची मर्यादा घालावी लागली, यावरून काय ते समजा. त्याच वर्षी फेब्रुवारीत भूकंपाच्या धक्क्यांनी अकरा हजारांहून जास्त लोक बेट सोडून गेले होते. नवरा-बायकोने जावं, जरूर जावं. चौदा जणांच्या वरातीचं ते ठिकाण नव्हे.

‘जुलै-ऑगस्टमध्ये जा, आपण पंचेचाळीस अंश सोसणारी माणसं.’ अकोल्याचा माणूस मे महिन्यात दुपारी दोन वाजता किल्ला चढायला जात नाही, पडदे ओले करून घरात झोपतो. प्रवासात आपण नेमकं उलट करतो, कारण तिकिटाचे पैसे भरलेले असतात. अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची प्राचीन मंदिरं, २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत उष्णतेच्या लाटेमुळे भर दुपारी बंद ठेवावं लागलं. जुलै २०२३ मध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर वणवा पेटला तेव्हा सुमारे १९ हजार लोकांना हलवलं, त्यातले कितीतरी पर्यटक होते. सिसिलीत ऑगस्ट २०२१ मध्ये ४८.८ अंश नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने तो युरोपातला उच्चांक म्हणून मान्य केला. शिवाय त्याच दोन महिन्यांत ग्रीस आणि तुर्कस्तानमधल्या एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो फार वाढला की फेरीबोटी बंद, आणि चौदा माणसं बंदरावर बॅगांवर बसलेली.

मुळात आपल्या मुलांच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. जुलैमध्ये नेणार कुणाला? इंग्लंडच्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीस लागते, तेव्हा इकडे चाचणी परीक्षा. पण मे महिन्याच्या शेवटी इंग्लंडच्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. लंडनची मुलं आणि इथली मुलं दोन्ही मोकळी असा उन्हाळ्यातला तोच आठवडा. हवा चोवीस-पंचवीस अंशांची, अ‍ॅक्रोपोलिस उघडं. पाणी मात्र वीसच्या आसपास, म्हणजे मे महिन्यातल्या गुहागर-दापोलीच्या कोमट समुद्राची सवय असलेल्याला गार लागणार. मुलं तरी उतरतील, काका किनाऱ्यावर बसतील. आणि त्या आठवड्यात लंडनहून विमानं महाग असतात, हे भावाने आत्ताच लक्षात घ्यावं.

बाकीचे मुद्दे भराभर. पंधरा सीटर स्वतः चालवायची नाही. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर चालक धरून नऊच आसनं चालतात. दोन गाड्या घ्या, नाहीतर चालकासकट मिनीबस. आपल्या परवान्यासोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा लागतो, त्याची मुदत एक वर्ष, आणि ‘ऑनलाइन दहा मिनिटांत’ देणाऱ्या वेबसाइटींचा कागद म्हणजे फक्त छापलेला कागद. भाचीसाठी चाइल्ड सीट सक्तीची. मांडीवर घेऊन चालत नाही.

व्हिलाचा मुद्दा बरोबर आहे. नाइलाजाने म्हणतोय, पण बरोबर आहे. सहा-सात हॉटेलच्या खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेलं एक घर स्वस्त पडतं आणि आजीला सकाळी तिचा चहा तिच्या पद्धतीने मिळतो. फक्त तळमजल्यावर एक तरी झोपायची खोली आणि बाथरूम आहे का, ते फोटो बघून नव्हे, मालकाला विचारून घ्या.

तूप, पनीर, श्रीखंड मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. सापडले की कस्टमवाले काढून टाकतात. लोणचं, मसाले, भाजणी न्या. तसंही ‘शाकाहारी माणसाचे हाल’ ही अफवाच आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपासाचे दिवस भरपूर, त्यामुळे ग्रीक स्वयंपाकात बिनमांसाचे पदार्थ रग्गड: भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, टोमॅटोच्या रश्शातले मोठे पांढरे पावटे, द्राक्षाच्या पानातल्या भाताच्या गुंडाळ्या. फावा नावाचं पिवळं घट्ट वरण मिळतं, वर ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा. सांतोरिनीचा फावा ज्या दाण्याचा करतात तो आपल्या विदर्भातल्या लाखोळी डाळीच्याच कुळातला. आमच्या नागपूरच्या आत्यांना तो परका वाटायचं कारण नाही.

मग जायचं कुठे? माझं मत क्रीट, तेही ग्रीसचंच. बेट अडीचशे किलोमीटरांहून लांब, मोठी इस्पितळं असलेलं, हानिया आणि हेराक्लियोन अशा दोन्ही विमानतळांवर लंडनहून थेट विमान. रेथिम्नो गावाला लागूनच लांबलचक वाळूचा किनारा आहे, मागे व्हेनिसच्या राजवटीतलं जुनं गाव, आणि किनाऱ्यालगतचा रस्ता सपाट. क्नोसोसचा प्राचीन राजवाडा पुतण्याला, वाळू भाचीला, बाकडं काकांना. अथेन्सजवळच्या पिरेयसहून रात्रीची बोट मिळते, केबिनमध्ये झोपून सकाळी क्रीट. नाक्सोस बेटही चांगलं, किनारे उथळ आणि वाळूचे, पण लंडनहून थेट विमान नाही. स्पेनचं मायोर्का किंवा इटलीतला पुलिया प्रदेश कुणाला हवा असेल तर माझी हरकत नाही, अर्ज मात्र त्या-त्या देशाकडे. आणि निळ्या घुमटासमोर फोटो पाहिजेच असेल तर हेराक्लियोनहून मोसमात वेगवान बोटी सांतोरिनीला दोनेक तासांत जातात. हौशी मंडळींनी दिवसभर जाऊन यावं, आजी रेथिम्नोला थांबेल.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून भरता येतो, म्हणजे मेअखेरच्या प्रवासासाठी नोव्हेंबरअखेरपासून. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध हवा आणि दहा वर्षांहून जुना नको. ग्रुपवर आलेले फोटो मी तपासले: काकांचा एप्रिलमध्ये संपतोय. त्यांनी नूतनीकरणाला या आठवड्यातच टाकावा, आणि बाकीच्यांनी पासपोर्टचे फोटो ग्रुपवरून आधी काढावेत.