आकडा खरा, माणूस खोटा

जानेवारी 2025 मध्ये 'छावा'च्या झलकीत छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि महाराष्ट्रात वादळ उठलं. आठवडाभरातच दिग्दर्शकांनी ते दृश्य वगळत असल्याचं जाहीर केलं. चित्रपट लागल्यावर दुसरी हरकत आली. 1689 मध्ये संगमेश्वरला महाराज पकडले गेले, त्या फितुरीचं खापर गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्यावर फोडल्याबद्दल शिर्के घराण्याचे वंशज संतापले आणि दिग्दर्शकांनी त्यांची माफी मागितली. माझ्या मते पहिली हरकत किरकोळ होती आणि दुसरी मूलभूत. फितुरीचा आरोप पडद्यावर एकदा चिकटला की तो किती टिकतो, हे इकडे ब्रिटनमध्ये अॅलन ट्युरिंगच्या बाबतीत रोज दिसतं.

2014 चा 'द इमिटेशन गेम' हा चित्रपट ट्युरिंगवर आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे सांकेतिक संदेश ब्लेचली पार्कमध्ये फोडले गेले, त्यातला हा प्रमुख गणिती. चित्रपटात एनिग्माच्या मांडण्यांची जी संख्या सांगितली आहे, 159 वर 18 शून्यं, ती बरोबर आहे. पाचांतली तीन चक्रं क्रमाने निवडण्याचे 60 प्रकार, त्यांच्या सुरुवातीच्या 17,576 जागा, आणि अक्षरांची दोन-दोन करून अदलाबदल करणाऱ्या दहा तारांच्या जोडफळीचे सुमारे 150 लाख कोटी प्रकार. यांचा गुणाकार तेवढाच येतो. म्हणजे कुणीतरी बसून हिशेब तपासला होता. मग बाकीचं का नाही तपासलं, हा प्रश्न म्हणूनच जास्त टोचतो.

चित्रपटात एनिग्मा फोडण्याचं ट्युरिंगचं यंत्र आधी तयार होतं, ते महिनोन्महिने फिरत राहतं आणि उत्तर देत नाही. मग एका संध्याकाळी गप्पांमध्ये ट्युरिंगला सुचतं की संदेशात ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि यंत्र चालू लागतं. हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, कारण ते यंत्र त्याच कल्पनेवर बांधलेलं होतं. पद्धत अशी होती: संदेशात अमुक मजकूर असणार असा अंदाज घ्यायचा, उदाहरणार्थ हवामान अंदाजासाठीचा सोळा अक्षरी जर्मन शब्द. तो सांकेतिक मजकुराखाली ठेवून एकेक घर सरकवायचा. एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात कधी बाहेर पडत नाही. त्यामुळे वरखाली एकच अक्षर आलं की ती जागा बाद. उरलेल्या जागी अक्षरांच्या जोड्यांतून साखळ्या बनवायच्या, शक्यतो स्वतःशीच येऊन मिळणाऱ्या, आणि त्याप्रमाणे यंत्राची जोडणी करायची. विसंगती न देणारी मांडणी सापडली की यंत्र थांबतं. ती मांडणी मग हाताने पडताळायची, कारण कित्येक थांबे खोटे निघत. अंदाजाचा मजकूर नसेल तर या यंत्रात घालायला काहीच नसतं.

यंत्राचं नाव 'बॉम्ब'. पहिलं 1940 च्या मार्चमध्ये बसलं, त्याचं नाव 'व्हिक्टरी'. चित्रपटात त्याला ट्युरिंगच्या शाळेतल्या मित्राचं नाव दिलं आहे. साधारण सात फूट रुंद, साडेसहा फूट उंच, वजन जवळपास एक टन. गॉर्डन वेल्चमनने त्याला एक तिरकी फळी जोडली. जोडफळीवर अ ची जोडी ब शी असेल तर ब चीही अ शीच असणार, या साध्या गुणधर्माचा तिने फायदा घेतला आणि आखूड मजकुरावरही यंत्र उपयोगी पडू लागलं. ती फळी असलेलं यंत्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं. चित्रपटात वेल्चमन नाही. 1939 च्या जुलैमध्ये वॉर्सॉजवळ आपलं सगळं काम ब्रिटिशांच्या हाती ठेवणारे पोलिश गणिती जवळपास नाहीत. ती यंत्रं रात्रंदिवस चालवणाऱ्या नौदलातल्या मुलीही नाहीत. हजारो माणसांचं काम पाचसहा जणांच्या खोलीत कोंबलं आहे.

हेही एक वेळ चालवून घेता येईल. दोन तासांत सगळे मावत नाहीत. पण चित्रपटात ट्युरिंगला कळतं की सहकारी जॉन केर्नक्रॉस रशियाचा हेर आहे, आणि तो त्याचं समलैंगिकत्व उघड करण्याची धमकी देतो म्हणून ट्युरिंग गप्प बसतो. केर्नक्रॉस हेर होता हे खरं. ट्युरिंगला ते माहीत होतं, किंवा दोघं एकत्र काम करत होते, याला काहीही पुरावा नाही. शिवाय चित्रपटातला ट्युरिंग पोलीस अधिकाऱ्याला ब्लेचलीची सगळी कहाणी सांगून टाकतो. प्रत्यक्षात ते गुपित तिथल्या माणसांनी 1970 च्या दशकापर्यंत पाळलं. ज्या माणसाला समलैंगिकत्वापायी 1952 मध्ये याच देशाने दोषी ठरवलं आणि 2013 मध्ये मरणोत्तर माफी दिली, त्याच्या माथी पुढच्याच वर्षी देशद्रोह लपवल्याचा कलंक लावला गेला. हे मला अक्षम्य वाटतं.

इथे यावर काही करता येत नाही. इंग्लंडच्या कायद्यात मृताची बदनामी होऊ शकत नाही. भारतात होऊ शकते. मृताच्या कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला आरोप न्याय संहितेच्या 356 व्या कलमात बसतो. शिर्के वंशज हा मार्ग निदान अजमावू तरी शकतात, ट्युरिंगसाठी कोणी उभंच राहू शकत नाही. जाहिरातींचं मात्र उलट आहे. ब्रिटनच्या जाहिरात संहितेत मृत व्यक्तीचा उल्लेख विशेष काळजीने करावा असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडे 1950 च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्यात शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र व्यापारासाठी वापरायला बंदी आहे, पण ती नाव किंवा चित्र वापरलं तरच लागते. 2020 मध्ये निरमाच्या जाहिरातीत लढाईहून परतलेले मराठा वेशातले राजा आणि सैनिक कपडे धुताना दाखवले. राजाला नाव नव्हतं. तक्रार भावना दुखावल्याची झाली. नाव टाळलं की कायद्यातून सुटका, ही पळवाट जाहिरातवाले पुन्हा वापरणार हे धरून चालावं.

दृश्य कापल्याने काही दुरुस्त होत नाही. काय कापलं, का कापलं याची नोंद राहत नाही, आणि उरलेलं सगळं खरंच असणार असा समज पक्का होतो. सुरुवातीला दोन क्षण झळकणारी 'कलात्मक स्वातंत्र्य घेतले आहे' ही पाटीही निरुपयोगी, कारण कुठे घेतलं ते ती सांगत नाही. 2000 साली 'यू-571' या अमेरिकी चित्रपटाने एनिग्मा यंत्र अमेरिकी नौसैनिकांनी पकडल्याचं दाखवलं. प्रत्यक्षात 'एचएमएस बुलडॉग'च्या खलाशांनी ते यू-110 या जर्मन पाणबुडीवरून 9 मे 1941 रोजी मिळवलं, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. ब्रिटिश संसदेत या चित्रपटाचा निषेध झाला. पण त्याच्या शेवटी खऱ्या पाणबुड्या आणि त्या पकडणारी जहाजं नावानिशी दिली होती. तेवढं तरी केलं.

महाराष्ट्रात मागणी करायची तर अशी करावी: श्रेयनामावलीच्या आधी, वाचता येईल एवढा वेळ, तीन गोष्टी छापा. कुठली पात्रं आणि दृश्यं काल्पनिक आहेत, कुठल्या दोन-तीन माणसांचं एक पात्र केलं आहे, आणि कुठल्या घटनेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. संगमेश्वरची फितुरी तिसऱ्या रकान्यात जाईल. लेझमीचं दृश्य ठेवलं असतं तर तेही पटकथाकाराची कल्पना म्हणून पहिल्या रकान्यात नोंदवता आलं असतं. ओटीटीवर हा मजकूर चित्रपटाच्या माहितीतही देता येतो, त्याला वेगळा खर्च नाही. संशोधनासाठी नेमलेल्या इतिहासकाराचं नाव श्रेयनामावलीत घालणाऱ्या निर्मात्याने, त्या इतिहासकाराने काय नाकारलं होतं, तेही त्याच पानावर द्यावं.