काळजीवाहू काका

नातेवाइकांत एखाद्याला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’ अशी आवई उठली, की त्याच्या सुट्ट्या गेल्याच म्हणून समजा. माझ्याबद्दल ती कोणी उठवली, ठाऊक नाही. पण आता मी कुणाकडेही गेलो तरी खुर्चीआधी लॅपटॉप पुढे येतो. ‘काही नाही रे, जरा स्लो झालाय.’ आणि ‘काही नाही रे’ने सुरू झालेलं काम दिवेलागणीच्या आत संपलंय, असं आजवर झालेलं नाही.

एवढं बघितल्यावर माझं एक ठाम मत झालंय. कॉम्प्युटर हेळसांडीने मरतात त्याहून जास्त लाडाने मरतात. आणि लाड करणाऱ्यांत आमचे काका अग्रगण्य.

काकांचा लॅपटॉप उशीवर असतो. टेबलावर ठेवला तर खालून ओरखडे पडतील ना! आता बहुतेक लॅपटॉपना हवा आत घ्यायची भोकं पोटालाच असतात. उशीत ती बुजली की पंखा आकांत मांडतो, प्रोसेसर तापत जातो आणि शंभर अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. काका ज्याला ‘स्लो झालाय’ म्हणत होते, तो बिचारा जीव मुठीत धरून चालत होता. मी उशी काढली. थोड्या वेळाने पंख्याचा आवाज उतरला, आणि काकांचा चेहराही. ‘अरे, पण टणक लागेल त्याला!’

मग काकांनी रिफ्रेश मारायला घेतलं. राइट क्लिक, रिफ्रेश. राइट क्लिक, रिफ्रेश. त्याने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा रंगवली जातात, बाकी काही नाही. ना मेमरी मोकळी होते, ना वेग वाढतो. पण करणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते बघून मी गप्प बसतो. निरुपद्रवी श्रद्धेला हात लावू नये.

‘रीस्टार्ट कधी केला होतात?’ मी विचारलं.

‘रीस्टार्ट कशाला? मी रोज रात्री रीतसर शटडाउन करतो.’

मी टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनमध्ये काय काय चाललंय ते दाखवणारी खिडकी, उघडला. सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, पानावर खाली ‘अप टाइम’ असतो: मशीन सलग किती वेळ चालू आहे त्याची मोजणी. तिथे 46:03:12:40 असे आकडे पळत होते.

‘सेहेचाळीस तास?’ काका म्हणाले.

‘दिवस, काका.’

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच रात्री येऊन तो चालू करून जातो. दोष त्यांचा नव्हता. 2012 साली विंडोज 8 बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असली की शटडाउन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच जसाच्या तसा उचलला जातो. सगळं खरोखर पहिल्यापासून सुरू करायचं तर रीस्टार्टच करावा लागतो. केला. निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या. काकांना हे फारसं आवडलं नाही; एवढ्या आजाराला एवढंसं औषध?

उरलेल्या निम्म्यांचं मूळ दोन अँटिव्हायरस. ‘एकाच्या नजरेतून सुटला तर दुसरा पकडेल.’ प्रत्यक्षात एका दाराला दोन पहारेकरी नेमले की होतं तेच: येणारा-जाणारा राहिला बाजूला, ते एकमेकांचीच झडती घेत बसतात. उघडलेली प्रत्येक फाइल दोघं तपासणार, आणि मालक ताटकळणार. एक काढला. डिफ्रॅगही, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावणं, थांबवायला लावलं. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला त्याचा उपयोग व्हायचा. काकांच्या लॅपटॉपमध्ये आहे एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारं काही नसतंच, तिथे नुसतं लिहून-लिहून झीज.

तेवढ्यात काकू काच पुसायचा स्प्रे घेऊन आल्या आणि मी मध्ये पडायच्या आत थेट स्क्रीनवर फवारा. ओघळ निघाला तो सरळ खालच्या कडेच्या फटीकडे. तिथून तो आत कुठे जातो, हे स्क्रीन गेल्यावरच कळतं. शिवाय अशा स्प्रेंत बहुधा अमोनिया असतो, त्याने स्क्रीनवरचा लेप खराब होतो. मशीन बंद करून मायक्रोफायबरचं जेमतेम ओलसर फडकं फिरवलं की भागतं. ‘पण मग चमक येत नाही,’ काकू म्हणाल्या. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निघताना मी भीतभीतच बॅकअपचं विचारलं. काका एकदम खुलले. ‘तू सांगितल्याप्रमाणे तीन प्रती केल्यात!’ आणि डी ड्राइव्ह उघडून दाखवला: ‘फोटो’, ‘फोटो - कॉपी’, ‘फोटो - कॉपी (2)’.

म्हटलं, काका, या लॅपटॉपमधले सी आणि डी म्हणजे एकाच डिस्कचे दोन भाग. डिस्क गेली की तिन्ही प्रती एकदमच जाणार. नियम 3-2-1 असा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर.

‘म्हणजे तीन तर बरोबर जमलेत!’

‘दुसरं साधन हवं, काका. एखादी एक्स्टर्नल डिस्क घ्या.’

‘आहे की!’ काकांनी कपाटाचं कुलूप काढलं. कपाटात पिशवी, पिशवीत डबी आणि डबीत डिस्क, कंपनीच्या प्लास्टिकमध्ये सीलबंद. ‘दोन वर्षं झाली घेऊन. खराब होऊ नये म्हणून वापरलीच नाही.’